झेंगझाऊचं गुशिंग म्युझियम: दोन हजार वर्षांपूर्वीची सरकारी फौंड्री बघून आलो

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी पाच. आणि ज्याचा लोखंडाशी, भट्टीशी किंवा सरकारी कामाशी कधी संबंध आलाय त्यानं तर आयुष्यात एकदा बघावंच.

आम्ही कोल्हापूरचे, शिरोलीत फौंड्री आहे. चीनला गेलो होतो भट्टीच्या लायनिंगचा माल बघायला, कारण हेनान प्रांतात फायरब्रिक आणि लायनिंगच्या मटेरियलचे कारखाने पुष्कळ आहेत आणि झेंगझाऊ तिथली राजधानी. बरोबर आमचे भागीदार आण्णा होते. वय ६८, चाळीस वर्षं कपोल्यापुढं, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीपुढं, उभं राहिलेला माणूस. एक दिवस मोकळा होता तेव्हा सप्लायरकडच्या एका पोरानं सुचवलं की तुम्ही ओतकामवाले आहात तर गुशिंगला जा, हान राजवटीचा लोखंडाचा कारखाना जमिनीतून उकरून काढलाय, तो जागेवरच जपून ठेवलाय.

आधी एक कामाची सूचना. या जागेचं जुनं नाव शिंगयांग. हान काळातलं शिंगयांग शहर इथंच होतं आणि कारखाना त्याच्या पश्चिमेच्या तटाबाहेर. पण आजचं शिंगयांग नावाचं गाव वेगळं आणि दुसरीकडंच आहे. हॉटेलवरून मिळालेल्या गाडीवाल्यानं आम्हाला नेमकं त्या दुसऱ्या गावात नेऊन सोडलं आणि अर्धा दिवस वाया गेला, आण्णा गाडीत झोपले आणि मी फोनवर नकाशा फिरवत बसलो. म्हणून सांगतोय, गाडीवाल्याला ‘गुशिंग’ म्हणा, हुइजी भाग म्हणा, आणि नाव चिनी अक्षरांत लिहून दाखवा.

आता आत काय आहे. ही जागा १९६५ मध्ये सापडली आणि १९७५-७६ ला खोदकाम झालं. दोन मोठ्या भट्ट्यांचे तळ आहेत, आणि त्यातल्या पहिल्या भट्टीपुढं आम्ही पाऊण तास उभे होतो. कारण सांगतो. भट्टी गोल नाही, लंबगोल आहे. एका बाजूनं साधारण ४ मीटर, दुसऱ्या बाजूनं २.७ मीटर. मला आधी वाटलं काळाच्या ओघात दबली असेल, पण आण्णा लगेच म्हणाले, “अरे दबली नाही ती, मुद्दाम तशी बांधलीय. भात्याचा वारा मध्यापर्यंत पोचायला पायजे का नको?” आणि खरंच तसंच आहे. हातानं किंवा जनावरानं चालवलेल्या भात्याचा जोर मर्यादित, भट्टी गोल ठेवून मोठी करत गेलं की मधला भाग थंड राहतो, म्हणून ती एका दिशेनं लांबवायची आणि लांब बाजूंनी वारा मारायचा म्हणजे कुठल्याच ठिकाणी वाऱ्याला लांब जावं लागत नाही. अभ्यासकांच्या अंदाजानं या भट्टीचं पोट ५० घनमीटरच्या आसपास होतं आणि दिवसाला साधारण एक टन लोखंड निघत असावं. दोन हजार वर्षांपूर्वी, लाकडी कोळशावर!

शेजारी भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोठलेले ढेकूळ ठेवलेत, सगळ्यात मोठा २० टनांच्या वरचा. ज्यानं कधी भट्टी गोठलेली बघितलीय त्याला तो ढेकूळ बघून पोटात गोळा येतो. आमच्याकडं ८९ साली रात्रपाळीत कपोला गोठला होता तेव्हा आतला माल फोडून काढायला आठ दिवस लागले होते, आणि तो दोन टनसुद्धा नव्हता. आण्णा त्या ढेकळाकडं बघत बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग फक्त म्हणाले, “ह्यांनी ही अख्खी भट्टीच सोडून दिली असणार रं.”

इथून पुढं मी जे सांगणार आहे त्यातलं थोडं तिथं बघून, थोडं तिथं बरोबर असलेल्या त्या सप्लायरकडच्या पोरानं वाचून सांगितलेलं आणि बरचसं घरी आल्यावर महिनाभर वाचलेलं आहे, कारण ती भट्टी डोक्यातून जाईना.

मुद्दा असा की बाकी जगात तेव्हा लोखंड वितळवत नव्हते. शुद्ध लोखंड १५३८ डिग्रीला वितळतं, तेवढी उष्णता कुणाकडं नव्हती, म्हणून छोट्या भट्टीत खनिज तापवून लोखंडाचा स्पंजसारखा गोळा काढायचा आणि तो घणानं ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. दिल्लीचा लोहस्तंभ तसाच, सहा टनांच्या वरचा खांब पण ओतलेला नाही, गोळे एकमेकांना ठोकून जोडलेले. चिनी लोकांनी मात्र उंच भट्टी बांधली, कोळसा भरपूर घातला, वारा जोरात मारला, मग लोखंडात कार्बन शिरतो आणि ४ टक्क्यांच्या वर गेला की वितळायचं तापमान एकदम ११५० च्या आसपास खाली येतं. म्हणजे आपलं बीड. आपल्या आज्जीचा बिडाचा तवा ज्या जातीचा तेच लोखंड, आणि चीनमध्ये ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ओतत होते. युरोपात अशी भट्टी यायला त्यानंतर दीड हजार वर्षं तरी लागली.

आता यात सरकार कुठून आलं? फौंड्रीवाल्याला हे समजवावं लागणार नाही. ठोकायच्या लोखंडाची भट्टी छोटी असते, चार माणसं पुरतात, सकाळी पेटवली संध्याकाळी विझवली. म्हणून आपल्याकडं गावोगाव लोहार होता, तो बलुतेदार होता, खळ्यावर आपलं बलुतं घ्यायचा. पण उंच भट्टीचं तसं नाही. ती एकदा पेटली की दिवसरात्र चालली पाहिजे, थांबली की वर सांगितलेला ढेकूळ. त्यासाठी डोंगर खणणारे वेगळे, झाडं तोडून कोळसा पाडणारे वेगळे, वाहतुकीवाले वेगळे, भाता मारणाऱ्यांच्या पाळ्या, साचे करणारे वेगळे. हान काळातल्या नोंदीतच लिहिलंय की एकेक लोखंडवालं घराणं हजारावर माणसं गोळा करून बसायचं, आणि तीही गाव सोडून आलेली, डोंगरात, सरकारच्या नजरेबाहेर. हजार धडधाकट माणसं, हातात लोखंड, आणि मालक एक. कुठल्या राजाला झोप लागेल सांगा.

ही घराणी केवढी श्रीमंत होती त्याचं एक उदाहरण मला फार आवडलं. झ्वो नावाचं घराणं, मूळचं झाओ राज्यातलं, तिथं लोखंडावर मोठं झालेलं. छिन राज्यानं झाओ जिंकलं आणि यांना उचलून दुसरीकडं जायला सांगितलं. सगळं लुटलं गेलेलं, नवरा-बायको हातगाडी ढकलत निघाले. बाकीचे विस्थापित अधिकाऱ्यांना पैसे चारून जवळपासच जागा मागत होते पण या झ्वोनं मागितली लांबची जागा, कारण तिकडं जमीन सुपीक आहे आणि उपाशी मरायची वेळ येत नाही असं त्यानं ऐकलं होतं. त्याला सिचुआनमधल्या लिनछ्योंगला पाठवलं, तिथं लोखंडाचा डोंगर बघून तो खूश झाला, भट्टी लावली आणि पुढं हजार नोकर पदरी ठेवण्याइतका श्रीमंत झाला. हे लिहून ठेवणारा इतिहासकार सीमा छ्येन, आणि त्याचा स्वतःचा खापरपणजोबा छिन राज्यात लोखंड खात्याचा अधिकारी होता. म्हणजे लोखंड खातं छिनच्या काळातच होतं, पण सगळा धंदा सरकारनं हातात घेणं ही गोष्ट हानची.

हान राजवटीत सुरुवातीला खासगी लोकांना मोकळीक होती. मग इसवी सनापूर्वी १५४ मध्ये सात राज्यांचं बंड झालं, त्यात पुढाकार घेणारा वू प्रांताचा राजा स्वतःची नाणी पाडून आणि मीठ काढून गबर झालेला होता. तो धडा दरबार विसरला नाही. पुढं सम्राट वू आला (नाव तेच, पण त्या वू प्रांताशी संबंध नाही), उत्तरेकडच्या शियोंग्नू टोळ्यांशी मोठी युद्धं काढली, खजिना रिकामा झाला. तेव्हा इ.स.पू. ११९ ते ११७ च्या दरम्यान मीठ आणि लोखंड दोन्ही सरकारी झालं. खासगीत लोखंड गाळलं तर डाव्या पायात लोखंडी बेडी आणि हत्यारं जप्त. बेडी लोखंडाचीच.

आणि हे चालवणार कोण? इथं मला सगळ्यात जास्त पटलं. भट्टी कारकुनाला चालवता येत नाही. म्हणून नानयांगचा मोठा लोखंडवाला कोंग जिन आणि मिठाचा मोठा व्यापारी दोंगग्वो शियेनयांग या दोघांनाच बोलावून या कामावर नेमलं. त्यांच्या जोडीला सांग होंगयांग, लुओयांगच्या व्यापाऱ्याचा पोरगा, तोंडी हिशोबात इतका पक्का की १३ व्या वर्षी दरबारात लागला. कोंग जिन देशभर फिरला, जागोजागी लोखंडाची ऑफिसं उघडली आणि त्यांवर अधिकारी म्हणून जुन्या श्रीमंत लोखंडवाल्यांनाच बसवलं. त्याआधी व्यापाऱ्याला आणि त्याच्या मुलाबाळांना सरकारी पद बंद होतं! म्हणजे एका भट्टीपायी नोकरशाहीचा दरवाजाच दुसऱ्या लोकांना उघडला, आणि तेव्हाच्या इतिहासात तक्रारही आहे की आता अधिकाऱ्यांत व्यापारीच फार झालेत. शिवाय हा पैसा सम्राटाच्या खासगी तिजोरीत न जाता शेतीखात्याकडं म्हणजे राज्याच्या खजिन्यात वळवला. साम्राज्यात अशी जवळपास पन्नास ऑफिसं होती (४९ आकडा धरतात), आणि जिथं खनिज नाही तिथंही छोटं ऑफिस, मोडीत निघालेलं लोखंड परत ओतायला. स्क्रॅपवर चालणारी फौंड्री म्हणा की, आमच्यासारखीच.

गुशिंगच्या साच्यांवर दोन अक्षरं आहेत, ‘ह यी’. म्हणजे हेनान जिल्हा, कारखाना नंबर एक. लांब गोंगशियानजवळच्या तिएशेंगगौ इथं ‘ह सान’, नंबर तीन. हे साचे नीट बघा, घाईत पुढं जाऊ नका. आम्ही पॅटर्नवर, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्यावर, गिऱ्हाइकाचा लोगो आणि आमचा कोड बसवतो, तो साच्यात उलटा उमटतो आणि ओतल्यावर सुलटा येतो, आणि इथं दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मातीत तेच काम सरकारसाठी करत होतं. माल खराब निघाला तर कुठल्या कारखान्याचा ते कळावं. आण्णांनी काचेवर बोट ठेवून ते अक्षर तीनदा गिरवलं.

आता माल कसा होता? कारण रिव्ह्यू लिहायचा तर मालाचाही लिहायला पाहिजे, आणि गंमत नाही सांगत, या मालाचे गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू खरोखर उपलब्ध आहेत. सम्राट वू वारल्यावर सहा वर्षांनी, इ.स.पू. ८१ मध्ये, दरबारानं देशभरातून साठावर विद्वान बोलावले आणि विचारलं लोकांना त्रास कशाचा होतोय. ते म्हणाले मीठ आणि लोखंडाचा. समोर उत्तर द्यायला सांग होंगयांग. तो वाद नंतर लिहून ठेवला गेला आणि तो वाचताना मला आमच्या गावच्या सेवा सोसायटीच्या मीटिंगा आठवल्या.

तक्रारी अशा. सरकारी अवजारं मोठीच्या मोठी, कोटा भरायला केलेली, वापरायला नाही. ठिसूळ, धार नाही. निवड करता येत नाही, जे देतील ते घ्या. लांबून यावं तर विकणारा अधिकारी जागेवर नसतो. महाग, त्यामुळं गरीब माणूस लाकडानं नांगरतो आणि हातानं तण काढतो. आणि मग ते जुने दिवस सांगतात: खासगी कारखाने होते तेव्हा बाप-लेक मिळून जीव लावून अवजार करायचे कारण वाईट केलं तर खपायचं नाही, शेतीच्या घाईत गाडी घेऊन बांधावर यायचे, पैसा नसला तर धान्य घ्यायचे, उधारीवर द्यायचे. मी हे वाचलं तेव्हा मला सरळ आमचा गावचा लोहार दिसला, पेरणीच्या आधी फाळाला टोक काढून देणारा, आणि पैसे सुगीला.

पण सरकारची बाजूही फालतू नव्हती. सांग होंगयांगच्या बाजूचं म्हणणं असं की सरकारी कारखान्यात भांडवल आहे, सामान पूर्ण आहे, रोज तेच काम करणारी माणसं आहेत, उलट खासगीवाल्यांना वेळ नाही, साधनं नाहीत, त्यांचं लोखंड नीट गाळलेलं नसतं आणि कडकपणा-नरमपणाचा मेळ बसत नाही. दरबारात, राज्य कसं चालवावं यावरच्या वादात, एक मंत्री लोखंडाच्या कडकपणावर बोलतोय! आमच्याकडं बजेटवर चर्चा होते तेव्हा हार्डनेसचा आकडा कुणी काढलेला मी तरी ऐकला नाही.

यात खरं कोण? आण्णांचं मत मी इथं देतो कारण मला ते पटलं. लाकडी कोळशावरच्या या भट्टीत सिलिकॉन कमी जातं, म्हणून ओतलं की पांढरं बीड निघतं, काचेसारखं कडक, फाळ दगडावर आपटला की दोन तुकडे. त्यावर उपाय चिनी कारागिरांना हानच्याही आधीपासून माहीत होता: ओतलेला माल परत भट्टीत ठेवून कित्येक दिवस मंद तापवायचा, मग तो चिवट होतो, ज्याला आपण मॅलिएबल म्हणतो. तिएशेंगगौच्या एका अवजारात तर आतला ग्राफाइट गोळीसारखा झालेला सापडलाय, जे बघायला आजचा एसजी आयर्नवाला (मुद्दाम गोळीदार ग्राफाइटचं बीड ओतणारा) मायक्रोस्कोप लावून बसतो. म्हणजे तंत्र उत्तम होतं. पण तापवण्याला दिवस लागतात आणि कोळसा लागतो. आण्णा म्हणाले, “वरनं टनाचा कोटा आला की पहिलं काय कापतात? तेच. ओतलेला नग मोजता येतो, आत किती दिवस ठेवला ते कोण मोजतंय.” हा आण्णांचा अंदाज आहे, पुरावा नाही, पण चाळीस वर्षं डिस्पॅचचा तगादा सोसलेल्या माणसाचा अंदाज आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही बाजू एकाच कारखान्याबद्दल खरं बोलत असतील, चांगला माल निघू शकत होता आणि शेतकऱ्याच्या हातात मात्र फुटका पडत होता.

त्या वादानंतर बदल किरकोळच झाला: दारूची मक्तेदारी गेली आणि राजधानीच्या भागातली लोखंडाची ऑफिसं बंद झाली. सांग होंगयांगला पुढच्याच वर्षी कटाच्या आरोपावरून मारलं, तरी त्याचं खातं चालूच राहिलं. इ.स.पू. ४४ मध्ये बंद केलं, तीन वर्षांत परत सुरू करावं लागलं. पैसा लागतो.

मजुरांबद्दल लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू अर्धवट राहील. या कारखान्यांत कैदी आणि वेठीची माणसं राबत होती. गोंग यू नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिलंय की तांबं आणि लोखंडासाठी वर्षाला लाखावर माणसं डोंगर फोडतायत, झाडं बेसुमार तुटतायत, आणि दुष्काळ-पूर यामुळंच येत नसतील कशावरून. इ.स.पू. २२ मध्ये यिंगच्वान इथल्या लोखंड कारखान्यातले १८० कैदी अधिकाऱ्याला मारून, हत्यारं घेऊन उठले, इ.स.पू. १४ मध्ये शानयांगला २२८ जण. ज्या भीतीनं धंदा सरकारी केला, डोंगरात जमलेली हजार माणसं, तीच भीती आता सरकारच्याच आवारात.

आणि एक नोंद, जी मी आण्णांना विमानात वाचून दाखवली. इ.स.पू. २७, पेइ जिल्ह्याचा सरकारी कारखाना. भट्टीत लोखंड खाली येईना. आतून ढगासारखी गडगड, मग ढोलासारखा आवाज. तेरा कामगार घाबरून पळाले. आवाज थांबल्यावर येऊन बघतात तर जमीन काही फूट खचलेली, भट्टीचे दहा तुकडे, आणि वितळलेलं लोखंड ताऱ्यांसारखं वर उडालेलं. दरबारी इतिहासात हे अपशकुन म्हणून नोंदवलंय, राज्यकारभार बिघडल्याचं चिन्ह म्हणून. आण्णांनी डोळे मिटूनच सांगितलं, “चार्ज (वरून भरलेला माल) वरती अडकला. खालनं वारा चालूच ठेवला त्यांनी. मग अडकलेला सगळा एकदम खाली आला, वल असणार तळाला.” मग थोड्या वेळानं विचारलं, “तेरा जण वाचले न्हवं?” मी म्हटलं पळाले म्हणून लिहिलंय, परत येऊन बघितलं म्हणजे वाचले. “बरं झालं,” म्हणाले आणि झोपले.

प्रॅक्टिकल गोष्टी: सकाळी लवकर जा, दोन-अडीच तास हाताशी ठेवा. चिनी येत नसेल तर कुणीतरी वाचून सांगणारा बरोबर न्याच, फोनवरच्या ट्रान्सलेटरला धातुकामाचे शब्द जमत नाहीत, त्या सप्लायरकडच्या पोरानं आधी ‘भट्टी’चं ‘स्टोव्ह’ केलं होतं आणि आम्हाला वाटलं स्वयंपाकघर चाललंय. जमलं तर ओतकाम जाणणारं माणूस न्या. आण्णांशिवाय गेलो असतो तर मला ती भट्टी दबलेलीच वाटली असती.

फक्त मोठ्या वस्तू, चकचकीत काचा, राजाचे दागिने बघायची हौस असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही. इथं भाजलेली माती, मळी आणि गंजलेलं लोखंड आहे. आम्हाला तेच पाहिजे होतं.

पुढच्या वेळी नानयांगला जायचं ठरलंय. कोंग जिनचं गाव, आणि तिथंच इ.स. ३१ मध्ये दू शी नावाच्या अधिकाऱ्यानं पाण्याच्या चाकावर भाता चालवला, कष्ट कमी आणि काम जास्त म्हणून लोकांना तो आवडला असं इतिहासात लिहिलंय. आण्णांना ते चाक कसं जोडलं असेल ते बघायचंय. पासपोर्ट संपत आलाय म्हणून त्यांनी परवाच रिन्यूला टाकला.